इंजिन बंद, खाली ऊस: चाकं वर की खाली? कोल्हापुरातल्या एका सिम्युलेटर सत्राचं परीक्षण

शहरातल्या एका फ्लाइट सिम्युलेटर केंद्रात दीड तासाचं एक खास सत्र मिळतं. विषय एकच. एका इंजिनाच्या विमानाचं इंजिन बंद पडलंय, धावपट्टी आवाक्यात नाही, समोर दिसेल त्या शेतात उतरायचंय. अशा वेळी लँडिंग गिअर, म्हणजे विमानाचे पाय आणि चाकं, बाहेर काढायचा की आतच ठेवायचा? दर २४०० रुपये, मागच्या खुर्चीवर बसून नुसतं बघणाऱ्याचे ५०० वेगळे. वैमानिक व्हायला निघालेली पोरं, त्यांचे धास्तावलेले आईवडील आणि घरी काँप्युटरवर विमानं उडवणारी नादखुळी मंडळी, असं सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक तिथे येतं.

निकाल आधीच सांगून टाकू. हातांना क्रम लागावा यासाठी सत्र चांगलं आहे, पैसे वसूल होतात. पण विमान जमिनीला टेकल्यावर पडद्यावर 'सुरक्षित' किंवा 'अपघात' अशी जी अक्षरं झळकतात ती तिथेच सोडून यायची. त्या यंत्राला विमान कळतं, जमीन कळत नाही. आणि चाकांचा प्रश्न मुळात जमिनीचा आहे.

मांडणी नीटनेटकी आहे. ३२ इंची तीन पडदे, योक (विमानाचं हँडल), रडर पेडल (शेपटीचं सुकाणू पायाने फिरवायला), थ्रॉटल-प्रॉपेलर-मिक्स्चरचे (इंजिनाचा जोर, पंख्याचे फेरे आणि इंधन-हवेचं मिश्रण ठरवणारे) तीन दांडे आणि पॅनेलवर चाकाच्या आकाराची मूठ असलेला गिअरचा खटका, शेजारी तीन हिरवे दिवे. खुर्ची हलत नाही; या दरात तशी अपेक्षा करूही नये. विमानं दोन दिली आहेत, सेस्ना १७२ आरजी आणि पायपर ॲरो. ही निवड ज्याने केली त्याला विषय कळतो. दोन्ही चार आसनी, दोन्ही चाकं आत घेणारी, पण पायांची रचना अगदी वेगळी. आरजीचे पंख वर असतात, मुख्य चाकं पोटातून निघून मागे दुमडत पोटातच जातात आणि इंधन डोक्यावरच्या पंखांत असतं. ॲरोचे पंख खाली. मुख्य पाय पंखालाच जोडलेले आणि इंधनाच्या टाक्याही त्याच पंखात. शेतात पाय मोडला तर आरजीत बहुधा पायच मोडतो. ॲरोत तो मोडताना टाकी फाडू शकतो. 'चाकं खाली' हे उत्तर दोन विमानांना सारखं का लागू होत नाही, हे समजायला एवढा फरक पुरतो. प्रशिक्षक मात्र तो सांगत नाहीत, विचारावा लागतो. विचारला की नीट सांगतात.

खटक्याबद्दल तक्रार आहे. खऱ्या आरजीत गिअरचा लिव्हर आधी बाहेर ओढावा लागतो, मगच वर-खाली होतो. चुकून धक्का लागून चाकं हलू नयेत म्हणून. इथे साधा टॉगल बसवलाय. तपशील बारीक वाटेल, पण घाईत हात अडतो तो अशाच ठिकाणी. इंधनाचा सिलेक्टर खऱ्या विमानात दोन खुर्च्यांच्या मध्ये, खाली फरशीवर असतो. इथे तो माउसने बंद करायचा. दारं तर नाहीतच, त्यामुळे टेकण्याआधी दाराची कडी सोडायची ही पायरी प्रशिक्षक नुसती तोंडाने वदवून घेतात. पोटावर उतरताना सांगाडा पिळला तर दार चौकटीत अडकून बसतं आणि मग ते आतून उघडत नाही, म्हणून ती पायरी आहे. एक पुठ्ठ्याचं दार आणि दहा रुपयांची कडी लावली तरी काम भागेल.

सत्राचा सर्वात सरस भाग म्हणजे क्रमाची तालीम. पहिली चाळीस मिनिटं तेवढंच चालतं आणि तेच योग्य आहे. ३००० फुटांवर इंजिन बंद करतात आणि कार्ड हातात देतात. आधी गती धरायची, नाक खाली-वर करून ती ठरलेल्या आकड्यावर बसवायची. मग शेत ठरवायचं. इंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करायचा. ते होत नाही असं पक्कं झालं की मिक्स्चर पूर्ण मागे, इंधन सिलेक्टर बंद, इग्निशन बंद. मग गिअरचा निर्णय, मग फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा), दारांच्या कड्या, आणि सगळ्यात शेवटी मास्टर स्विच.

शेवटच्या या 'शेवटी'वर बहुतेकांचा पाय घसरतो. आग लागू नये म्हणून विजेचा मास्टर बंद करायचा हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून इग्निशनच्या पाठोपाठ हात तिकडेच जातो. आरजीत चाकं ज्या हायड्रॉलिक पंपावर चालतात तो विजेचा आहे. फ्लॅपही विजेचेच. मास्टर आधी गेला की दोन्ही मेले. मग खटका कितीही खाली दाबा, हिरवा दिवा लागत नाही, आणि दिवा का लागत नाही हे शोधण्यातच शेवटचे ४०० फूट संपतात. केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक बरोब्बर उमटते, पंप खरंच थांबतो. याचं श्रेय द्यायला हवं.

वेळेचा हिशोबही ते चांगला मांडतात. आरजीची चाकं बाहेर येऊन कुलूपबंद व्हायला ५ ते ७ सेकंद घेतात. इंजिनाविना विमान मिनिटाला ७०० फुटांनी खाली येत असेल तर ७ सेकंदांत साधारण ८० फूट गेले. म्हणजे ३०० फुटांवर निर्णय घेतला तरी जमतं. पण चाकं फार लवकर, १५०० फुटांवर काढली तर त्यांचा हवेला होणारा अडथळा पल्ला कापतो, आणि जे शेत आरामात गाठता येत होतं ते बांधाअलीकडे राहतं. शिकाऊ मुलांकडून दोन्ही चुका होतात, फार उशिरा काढण्याची आणि फार लवकर काढण्याची; दुसरी जास्त. 'चाकं बाहेर' म्हटलं की सुरक्षित वाटतं, म्हणून ती लवकर बाहेर पडतात.

पंपच बिघडला असेल तर आरजीत हातपंप आहे. दांडा हाताला जड लागेपर्यंत मारत राहायचं. बीचक्राफ्ट बोनान्झात त्याऐवजी पुढच्या खुर्च्यांच्या मागे हातचक्र असतं, त्याचे सुमारे ५० फेरे फिरवावे लागतात. इंजिन बंद, एका हातात योक, दुसरा हात मागे वळवून फेरे मोजतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. असल्या कामाला अर्धं-पाऊण मिनिट धरलं तरी ३५० ते ५०० फूट गेले. १००० फुटांच्या खाली असाल आणि चाकं नेहमीच्या मार्गाने येत नसतील तर त्यांचा नाद सोडून पोटावर उतरण्याची तयारी केलेली बरी. केंद्रात हातपंप म्हणजे कीबोर्डवरची एक कळ. एकदा दाबली की चाकं खाली. हा भाग चक्क फसवा आहे, कारण जे काम सगळ्यात अवघड ते इथे सगळ्यात सोपं झालंय.

भोंग्याचंही तसंच. थ्रॉटल मागे ओढलेला आणि चाकं आत असली की गिअरचा भोंगा वाजू लागतो; फ्लॅप बरेच खाली घेतले की थ्रॉटल पुढे असला तरी वाजतो. विसरभोळ्या वैमानिकासाठी तो चांगलाच आहे. पण जाणूनबुजून पोटावर उतरणाऱ्याच्या कानात तो शेवटपर्यंत कोकलत राहतो आणि आयत्या वेळी हात नकळत खटक्याकडे जातो. चाकं अर्धवट बाहेर असताना टेकणं हे वर आणि खाली या दोन्हींपेक्षा वाईट. केंद्राने 'गिऱ्हाइकांना त्रास होतो' म्हणून भोंगा बंद ठेवलाय. सत्राआधी सांगून तो चालू करून घ्या. त्रास व्हावा म्हणूनच तो आहे.

एक गोष्ट खास कोल्हापूरची. उजळाईवाडीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २००० फुटांवर आहे. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत असतो. त्यात २५०० दिसलं की नवखा माणूस निवांत शेत शोधत बसतो, प्रत्यक्षात पायाखाली ५०० फूटच उरलेले असतात. घरच्या काँप्युटरवर किनाऱ्यालगतच्या विमानतळांवर सराव केलेले लोक इथे हमखास फसतात. प्रशिक्षक हे पहिल्या फेरीत मुद्दाम सांगत नाहीत, फसू देतात, मग सांगतात. पद्धत बरी आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण खरी उणीव तिथेच आहे.

केंद्राच्या कार्डावर गिअरच्या पुढे दोनच शब्द छापलेत: 'गरजेनुसार'. गरज कशी ओळखायची ते कुठेच नाही. आरजीच्या मूळ पुस्तिकेत इंजिनाविना उतरणीच्या यादीत याहून स्पष्ट लिहिलंय: चाकं खाली, जमीन खडबडीत किंवा मऊ असेल तर वर. आणि अमेरिकेच्या विमान प्रशासनाची विमान उडवण्याची जी मार्गदर्शक पुस्तिका आहे ती म्हणते की पक्का नियम नाही. ओबडधोबड प्रदेशात, झाडांत किंवा जोरात आदळण्याची वेळ आली तर बाहेर काढलेली चाकं आतल्या माणसांना वाचवतात, पण पाय मोडून टाकी फाटण्याचा धोका त्याच्यासमोर तोलायचा. शेवटी विमान बनवणाऱ्याचं म्हणणं प्रमाण. म्हणजे एक पुस्तक म्हणतं खडबडीत असेल तर वर, दुसरं म्हणतं ओबडधोबड असेल तर खाली. सत्रात हा पेच कुणी काढला की 'पुस्तिका फायनल' एवढं बोलून विषय संपवतात. उत्तर चूक नाही, पण २४०० रुपयांत पेच सोडवूनही द्यायला हवा.

तो सुटतो असा. पहिला प्रश्न जमीन कशी आहे हा नाहीच; विमान तिच्यावर नेहमीसारखं टेकणार आहे की आदळणार आहे, हा आहे. गती ताब्यात आहे, शेत लांब आहे, सपाट आहे, पण नांगरलेलं, ढेकळांचं किंवा ओलं आहे, तर विमान टेकेल आणि घसरत जाईल. इथे चाकं वैरी ठरतात. पुढचं चाक मऊ मातीत रुततं, नाक तिथेच अडकतं, मागचा भाग पुढे जायचा थांबत नाही आणि विमान पालथं होतं. पालथ्या विमानात माणसं पट्ट्याला उलटी लोंबकळतात, दार जमिनीला टेकतं, वरच्या पंखांतलं इंधन आता खालून गळायला लागतं. त्यापेक्षा पोटाची होडी करून घसरलेलं परवडतं. प्रॉपेलर वाकेल, पोटाचा पत्रा जाईल, माणसं चालत बाहेर येतील.

याउलट समोर दगड आहेत, झाडं आहेत, चढ आहे किंवा उंचीचा अंदाज चुकून विमान दाणकन बसणार आहे, तर पाय हा पहिला बळीचा बकरा. लहान विमानांच्या पायांची रचना सेकंदाला ७ ते १० फूट वेगाने खाली बसण्याचा मार सोसायला केलेली असते. त्याहून जोरात बसलं तर पाय मोडतात, पण मोडताना धक्का गिळतात. चाकं आत असतील तर खुर्ची आणि जमीन यांच्यात पोटाची वीतभर जागा उरते, आणि तो सगळा धक्का सरळ मणक्यात जातो. म्हणून घसरायचं असेल तर वर आणि आदळायचंच असेल तर खाली. पहिलं पुस्तक बोलतंय ते घसरण्याबद्दल, दुसरं आदळण्याबद्दल.

आता हे आपल्या शिवारावर बसवून बघा. तोडणी झालेला, खोडव्याला ठेवलेला ऊस: चार-पाच फुटांवर सऱ्या, मध्ये वरंबे, तासलेले बुडखे, आणि पाणी दिलेलं असेल तर लोण्यासारखी काळी माती. सरीच्या दिशेने उतरायचं आणि चाकं वर. सरीला आडवं उतरणं म्हणजे दर सेकंदाला पंधरा-वीस गतिरोधक. उभा पक्का ऊस माणसाच्या दुप्पट उंच, त्यात बांध दिसत नाही, पाट दिसत नाही, पण पिकाची दाटी विमानाला धरून थांबवते. चाकं वर, गती कमीत कमी, नाक थोडं उचललेलं. वाळलेलं पाचट मात्र पेटायला टपलेलं असतं आणि एग्झॉस्ट तापलेला असतो, म्हणून उसात उतरताना इंधन सिलेक्टर बंद करायला विसरणं ही इतर कुठल्याही शेतापेक्षा इथे महाग पडणारी चूक. बाहेर पडल्यावर वाऱ्याच्या उलट दिशेला पळायचं. कापणी झालेलं, वाळून टणक झालेलं गव्हाचं रान किंवा पडीक माळ: चाकं खाली, ब्रेक मारता येतात. भाताची खाचरं: तुकडे छोटे, दर शंभर फुटांवर बांध, पर्याय असेल तर नकोतच. आणि मसाई पठारासारखा जांभ्याचा सडा वरून सपाट दिसतो, जवळ गेल्यावर खड्डे आणि धोंडे दिसायला लागतात. तिथे चाकं खाली, पायांचा बळी द्यायचा.

केंद्राच्या पडद्यावर यातलं काहीही नाही. तिथलं शेत म्हणजे हिरवा रंग दिलेली डांबरी धावपट्टी. नांगरट, चिखल, ऊस, सगळ्यांवर चाकं सारखीच धावतात. म्हणून चाकं खाली काढून उभ्या उसात उतरणाऱ्याला 'सुरक्षित' मिळतं, आणि ओल्या नांगरटीत व्यवस्थित पोटावर घसरत थांबणाऱ्याला 'अपघात', कारण प्रोग्रामच्या हिशोबी पोट जमिनीला लागलं की खेळ खलास. दहा फेऱ्या अशा खेळल्यावर पोराच्या डोक्यात काय बसेल ते उघड आहे. यावर तोडगा फुकटचा आहे. निकालाची अक्षरं सेटिंगमधून बंद करा आणि त्याऐवजी टेकतानाचे तीनच आकडे लिहून घ्या: गती, खाली बसण्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा.

या तीनपैकी गती सगळ्यात मोठी, आणि चाकांच्या वादात ती विसरली जाते. मार गतीच्या वर्गाने वाढतो. ६० नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ८५ नॉटला टेकलात तर ऊर्जा दुप्पट. ६५ नॉटने येताना १० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरची गती ५५, तोच पाठीमागून असेल तर ७५. फरक २० चा, मार पावणेदोन पटींहून जास्त. लहान विमानांच्या खुर्च्या आणि पट्टे पुढच्या दिशेला साधारण ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट जोर, सोसतील असं धरतात. एकसारख्या ९ जीने थांबायचं तर ताशी ८० किलोमीटरला तीन मीटरही लागत नाहीत, ताशी १६० ला अकरा-बारा मीटर लागतात. म्हणजे थांबायला लांबलचक रान लागतच नाही. लागतं ते हळू येणं आणि भिंत, विहीर, विजेचा खांब यांना समोरासमोर न भिडणं. वाऱ्याकडे पाठ करून, चाकांचा निर्णय अगदी अचूक घेऊन उतरणाऱ्यापेक्षा वाऱ्याला तोंड देऊन चुकीचा निर्णय घेणारा पुष्कळदा सुखरूप सुटेल. केंद्रात वारा नेहमी शून्य ठेवतात. मागून १० नॉट लावून एक फेरी मारा, सगळं कळेल.

सत्रात पाच प्रसंग आहेत. त्यातला पहिला, उड्डाणानंतर ४०० फुटांवर इंजिन बंद, हा उत्तम आहे. गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत आणि महामार्ग जवळच असल्याने समोर चांगलं रान शोधणं हीच परीक्षा. या उंचीवर मागे वळायचं नाही, नाकासमोर डावी-उजवीकडे तीस अंशांत जे आहे तेच आपलं. चाकं नुकतीच आत जात असतात. ती पुन्हा बाहेर काढायला वेळ मिळेलच असं नाही. दुसरा, कागलच्या बाजूला ३००० फुटांवर इंजिन बंद, याबद्दल वर आलंच.

तिसरा पुराचा. पावसाळ्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की शिरोळकडचं शिवार एकसंध पाण्याचा पत्रा दिसू लागतं. हा प्रसंग ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला दाद. पाण्यावर चाकं आत, यात फारसा वाद नाही. बाहेर असली तर ती पाण्याला आधी भिडतात आणि नाक खाली ओढतात. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीवर उतरलेल्या एअरबस ए ३२० ची चाकं आतच होती, १५५ जण वाचले. फक्त पुराच्या पाण्याखाली उभा ऊस आणि पाण्यातून डोकावणारे विजेचे खांब असतात, हे पडद्यावर दाखवलेलं नाही. तिथे ती नदी काचेसारखी आहे.

चौथ्या, पठारावरच्या प्रसंगात सांगण्यासारखं काही नाही. पाचवा उजळाईवाडीच्या धावपट्टीवरचाच: इंजिन ठीक, पण एक मुख्य पाय कुलूपबंद होत नाही, दोनच हिरवे दिवे. घाई नाही, इंधन आहे, फेऱ्या मारत विचार करता येतो. लहान विमानांत एकच मुख्य पाय येत असेल तर तिन्ही आत घेऊन सरळ पोटावर उतरणं बहुधा सांगितलेलं असतं, कारण एका पायावरचं विमान एका बाजूला फिरून धावपट्टी सोडतं. फक्त नाकाचं चाक येत नसेल तर मुख्य चाकांवर टेकून नाक शक्य तितका वेळ वर धरायचं. मोठ्या जेट विमानांत गणित वेगळं, तिथे जेवढे पाय मिळतील तेवढ्यांवर उतरतात. पोटावरच्या उतरणीचं आपल्याकडचं उदाहरण: ६ मे २०२१ ला नागपूरहून निघालेल्या बीचक्राफ्ट सी-९० रुग्णवाहू विमानाचं एक चाक उड्डाणातच निखळलं, मुंबईत ते पोटावर उतरवलं, आतली पाचही माणसं सुखरूप.

याच प्रसंगात अनेकजण पोट धावपट्टीला घासताच घाबरून थ्रॉटल पुढे ढकलतात आणि पुन्हा उडतात. सिम्युलेटर उडू देतो, प्रशिक्षकही हसून सोडून देतात. हे हसण्यावारी न्यायचं नाही. २२ मे २०२० ला कराचीत एका प्रवासी ए ३२० ने चाकं आत असतानाच धावपट्टीला टेकून पुन्हा उड्डाण केलं. घासलेली दोन्ही इंजिनं थोड्याच वेळात बंद पडली आणि विमान वस्तीवर कोसळलं, आतल्या ९९ पैकी ९७ जण गेले. लहान विमानात तर घासलेला प्रॉपेलर वाकलेलाच असतो. पोट टेकलं की उतरण संपली. हे केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवं.

भिंतीवर सध्या आहे तो मक्याच्या शेतातल्या विमानाचा फोटो. १५ ऑगस्ट २०१९ ला मॉस्कोजवळ उड्डाणानंतर लगेच पक्षी आदळले आणि ए ३२१ चाकं आत ठेवून मक्यात उतरलं; २३३ जण वाचले. प्रशिक्षक तो दाखवून 'शेतात नेहमी पोटावर' असं ठसवतात. मग त्याच विमानकंपनीचं ए ३२० १२ सप्टेंबर २०२३ ला सायबेरियात शेतात चाकं खाली ठेवून उतरलं आणि तेही सगळे वाचले, त्याचं काय? पहिलं उभ्या पिकात, दुसरं सपाट रानात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आणि १७ जानेवारी २००८ ला हीथ्रोच्या धावपट्टीअलीकडे गवतात आदळलेल्या बोइंग ७७७ चे मुख्य पाय मोडले, धक्का घेऊन गेले, आतले १५२ जण वाचले. तीन फोटो शेजारी लावा, अर्धं सत्र तिथेच शिकवून होईल.

ॲरो घेणार असाल तर एक मोठी त्रुटी लक्षात ठेवा. जुन्या ॲरोंना चाकं आपोआप खाली सोडणारी यंत्रणा होती. इंजिनाचा जोर नाही आणि गती ठरावीक आकड्याखाली आली की लिव्हर वर असला तरी चाकं बाहेर येतात. विसरणाऱ्यांसाठी केलेली सोय इंजिनाविना शेतात उतरताना उलटते, कारण इंजिन बंद आणि गती कमी ही नेमकी तीच अवस्था. पल्ला हवा असतानाच चाकं बाहेर पडतात. ती आत ठेवायला वेगळा ओव्हरराइड लिव्हर धरावा लागतो. बऱ्याच विमानांत ही यंत्रणा पुढे काढून टाकली, पण सगळ्यांत नाही, म्हणून ज्या ॲरोत बसाल त्याची पुस्तिका आधी बघायची. केंद्राच्या ॲरोत तिचा पत्ताच नाही आणि प्रशिक्षकांपैकी एकालाच ती माहीत होती. पैसे आरजीवर खर्च करा.

बुकिंग फोनवर होतं. शनिवार-रविवारी लहान मुलांचे वाढदिवस असतात आणि शेजारच्या खोलीतला गोंधळ ऐकू येतो. मंगळवार-बुधवारी सकाळी ११ ची वेळ घ्या. जाताना चार गोष्टी आधीच सांगून ठेवा: आरजी द्या, भोंगा चालू ठेवा, वारा लावा, निकालाची पाटी बंद करा. चारही सेटिंग पाच मिनिटांत होतात, त्याचे जादा पैसे घेत नाहीत. सोबत वही न्या, कारण कार्ड घरी नेऊ देत नाहीत. आणि कोल्हापुरी पायात असेल तर ती दाराशीच काढा. गुळगुळीत चामडं रडर पेडलवरून सटकतं आणि नेमकं वळताना सटकतं. अनवाणी किंवा पातळ तळाच्या बुटात पाय नीट बसतो.